‘लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग’ ही मागच्या दाराची वाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील नर्सिंगच्या शिक्षणाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. परदेशातील शिक्षणावरच्या लिखाणात बहुतेक वेळा शुल्क आणि व्हिसा यांपलीकडे काही नसते. आपल्या लेखात मात्र तेथील पदवीच्या प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी या चारही शाखांचा उल्लेख होता, याचा आनंद वाटला. तो आनंद चौथ्या शाखेपाशी येऊन मावळला. ‘लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग’ म्हणजे ‘अध्ययन अक्षम मुलांची शुश्रूषा’ असे तेथे म्हटले आहे आणि या शाखेला अर्ज कमी येत असल्याने आधी तेथे प्रवेश मिळवून पुढे ‘मुख्य’ नर्सिंगकडे वळावे, असा सल्लाही दिला आहे. मी इंग्लंडमधील एका विद्यापीठात याच शाखेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यातील पहिली चूक शब्दाची आहे आणि दुसरी तिच्यातूनच निपजली आहे, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हटले की अक्षरे उलटसुलट दिसणारे, गणितात अडखळणारे, पण एरवी चुणचुणीत असे शाळकरी मूल डोळ्यांसमोर येते. भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आणि ‘बौद्धिक अक्षमता’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. ब्रिटनमध्ये मात्र लर्निंग डिसॅबिलिटी हा शब्द यांपैकी दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात आणि डिस्लेक्सियासारख्या, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातील अडचणींना लर्निंग डिफिकल्टी म्हणतात. तेथील सरकारच्या २००१ मधील ‘व्हॅल्यूइंग पीपल’ या श्वेतपत्रिकेनुसार नवी किंवा गुंतागुंतीची माहिती समजून घेण्याची क्षमता बरीच कमी असणे, स्वतंत्रपणे जगताना त्यामुळे अडचण येणे आणि हे सारे प्रौढपणाच्या आधीच सुरू होऊन कायम राहणे, अशी ही अवस्था आहे. ब्रिटनमध्ये असे सुमारे १५ लाख लोक आहेत आणि त्यांतील बहुतेक जण मुले नसून प्रौढ आहेत. आयर्लंडमध्ये हीच शाखा चार वर्षांच्या पदवीला ‘इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी नर्सिंग’ या सरळ नावाने शिकवतात, त्यामुळे तेथे हा घोटाळा होत नाही. माझी मावशी अजूनही नातेवाइकांना सांगते की, आमची मुलगी मुलांना शुद्धलेखन शिकवणारी नर्स होणार आहे. मावशीला मी माफ केले आहे. वृत्तपत्राकडून थोडी अधिक अपेक्षा आहे.

इंग्लंडमध्ये ही पदवी तीन वर्षांची असते आणि एकूण ४,६०० तासांपैकी निम्मे तास प्लेसमेंटचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे असतात. नर्सची नोंदणी व नियमन करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ मध्ये आखलेले निकष चारही शाखांना लागू असल्याने कॅथेटर, इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी, हृदयाच्या आलेखाची नोंद हे आम्हालाही आलेच पाहिजे. ही ‘हलकी’ शाखा असल्याची समजूत येथेही काही कमी नाही. वॉर्डवर प्लेसमेंटला गेल्यावर ‘तू खरी नर्स केव्हा होणार?’ असा प्रश्न मला दोनदा ऐकावा लागला, आणि दोन्ही वेळा तो नर्सनेच विचारला होता.

या कामाचे मर्म कशात आहे, ते मला वर्गात नव्हे, तर दुसऱ्या वर्षी कम्युनिटी टीमबरोबर, म्हणजे रुग्ण राहतो तेथे जाऊन सेवा देणाऱ्या पथकाबरोबर असताना कळले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पन्नाशीचे एक गृहस्थ, शब्दांनी न बोलणारे, मदतनिसांच्या देखरेखीखालील घरात राहत होते. ‘वर्तन बिघडले आहे’ अशी तक्रार आमच्याकडे आली : स्वतःचा हात चावतात, ताट ढकलून देतात, रात्री ओरडतात, आणि वर गेले चार दिवस जुलाब होत आहेत. घरातील कर्मचारी जुलाब थांबवण्याच्या गोळ्या देत होते आणि शांत करणाऱ्या औषधाचा डोस वाढवून मिळावा, अशी त्यांची मागणी होती. माझ्या पर्यवेक्षक नर्सने वर्तनाबद्दल एक अवाक्षरही विचारले नाही. तिने शौचाच्या नोंदींची फाइल मागितली. ब्रिस्टल चार्ट नावाचा एक तक्ता असतो, त्यात शौचाचे एक ते सात असे प्रकार चित्रांसह दिलेले असतात. या शाखेच्या विद्यार्थ्याला तो पाढ्यांसारखा पाठ होतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याविषयी न बोलण्याचे भान नंतर प्रयत्नपूर्वक आणावे लागते. फाइलमध्ये शेवटचे चार दिवस ‘प्रकार सात’, म्हणजे पाण्यासारखे, असे लिहिले होते. तिने बोट ठेवले ते त्याआधीच्या नऊ कोऱ्या रकान्यांवर. आतड्यात कडक मळाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि पाहणाऱ्याला तो जुलाब वाटतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिली, तर दुखणे आणखी चिघळते. मग तिने औषधांचा तक्ता उघडला. बद्धकोष्ठ करणारी दोन औषधे ते गृहस्थ कित्येक वर्षे घेत होते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून त्यांना रुग्णालयात हलवले. आठवड्याभरात हात चावणे थांबले आणि शांत करणाऱ्या औषधाचा डोस वाढवण्याची मागणी आपोआप मागे पडली.

बद्धकोष्ठाने माणूस दगावू शकतो, हे ऐकताना अतिशयोक्त वाटते, पण बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या बाबतीत तसे मृत्यू झाले आहेत. शारीरिक दुखण्याच्या खुणा ‘त्याच्या अक्षमतेचाच भाग’ समजून दुर्लक्षित राहणे, याला येथे डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. अक्षमतेची सावली निदानावर पडते, असा त्याचा अर्थ. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणाऱ्या मेनकॅप या संस्थेने २००७ मध्ये आरोग्यसेवेतील अशा बेपर्वाईमुळे गेलेल्या सहा जणांच्या कहाण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा या विषयाला प्रथम मोठ्या प्रमाणावर वाचा फुटली. इंग्लंडमध्ये या लोकांच्या मृत्यूंचा आढावा घेणारी लीडर नावाची योजना आता चालते आणि इतरांच्या तुलनेत त्यांचे आयुष्य सुमारे वीस वर्षांनी कमी भरते, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसते. ऑलिव्हर मॅकगोवन हा सौम्य बौद्धिक अक्षमता व ऑटिझम असलेला अठरा वर्षांचा मुलगा २०१६ मध्ये गेला. त्याच्या व पालकांच्या इच्छेविरुद्ध त्याला मनोविकारावरील औषध दिले गेले होते. पालकांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधील नोंदणीकृत आरोग्य व देखभाल संस्थांच्या सर्व कर्मचाऱ्यांना या विषयाचे प्रशिक्षण देणे बंधनकारक झाले.

या शाखेला काळी बाजूही आहे आणि ती आमच्यापासून लपवली जात नाही. ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात रुग्णांचा छळ होत असल्याचे बीबीसीने २०११ मध्ये गुप्त चित्रीकरणातून दाखवले. शिक्षा झालेल्या ११ जणांत नोंदणीकृत नर्सही होते. पहिल्याच सत्रात ते चित्रीकरण आम्हाला दाखवले गेले, आणि त्यानंतर बराच वेळ वर्गात कोणी बोलले नाही.

दुसरा प्रसंग थोडक्यात सांगते. डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीची थायरॉइडसाठी रक्ततपासणी करायची होती. या लोकांमध्ये थायरॉइडचा विकार बराच आढळतो. तिला सुईची विलक्षण भीती. पहिल्या भेटीत आम्ही नुसत्या दवाखान्याच्या बाकावर बसलो, दुसऱ्या भेटीत रक्त घेण्याच्या खुर्चीवर, तिसऱ्या भेटीत दंडाला बांधायचा पट्टा आधी माझ्या हाताला आणि मग तिच्या हाताला बांधून पाहिला, नंतर त्वचा बधिर करणारे मलम. सहाव्या भेटीत सुई दिसताच ती उठून निघून गेली. आम्ही सातव्यांदा गेलो. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण २०१० च्या समानता कायद्यानुसार सेवेत असे वाजवी बदल करणे हे कर्तव्य आहे, आणि २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा सांगतो की, एखाद्याला निर्णय घेता येत नाही असे ठरवण्याआधी त्याला तो घेता यावा म्हणून शक्य ते सारे साहाय्य केले पाहिजे. हे दोन्ही कायदे आम्ही वर्गात कलमांसकट शिकलो होतो, मात्र माझ्या लक्षात राहिले ते त्या खुर्चीमुळे.

आता त्या सल्ल्याविषयी. अर्ज कमी येतात हे खरे आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांची शासकीय विद्यावृत्ती बंद झाल्यावर या शाखेला मोठा फटका बसला, कारण येथे शाळेतून थेट येणाऱ्यांपेक्षा माझ्यासारखे, आधी मदतनीस म्हणून नोकरी केलेले आणि घरसंसार असलेले विद्यार्थी अधिक असत. काही विद्यापीठांनी तर हा अभ्यासक्रमच गुंडाळला. २०१० नंतरच्या दशकात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतील या शाखेच्या नर्सची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. पुढे सरकारने नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड आणि या शाखेसाठी वर आणखी १,००० पौंड असे परत न करावे लागणारे साहाय्य सुरू केले. मात्र परदेशातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ते मिळत नाही, आणि आपल्या लेखात नेमकी हीच गोष्ट सुटली आहे. शिवाय कौन्सिलमधील नोंदणी शाखेच्या नावानेच होते. लर्निंग डिसॅबिलिटी नर्स म्हणून नोंद झाल्यावर प्रौढ शाखेत नोंद हवी असेल, तर पुन्हा अभ्यासक्रम करावा लागतो आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. लेखातील भरवशावर कोणी घर गहाण ठेवून कर्ज काढले, तर तीन वर्षांनी हे कळून काय उपयोग? ब्रिटन आणि आयर्लंड यांच्याबाहेर या पदवीसारखी स्वतंत्र शाखा आढळत नाही, त्यामुळे मायदेशी परतू इच्छिणाऱ्यांनी तोही विचार आधीच करावा.

पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्याला मनापासून यायचे नाही त्याने येथे येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील रुग्ण बहुधा तक्रार लिहू शकत नाही आणि नर्सचे लक्ष नसले तर ते उघडकीस आणणारेही सहसा कोणी नसते. विद्यापीठांनाही याची जाणीव असावी. माझ्या मुलाखतीच्या वेळी दोन प्राध्यापकांशेजारी बौद्धिक अक्षमता असलेले एक गृहस्थ परीक्षक म्हणून बसले होते. प्राध्यापकांनी गुण, अनुभव, मूल्ये अशा अपेक्षित गोष्टी विचारल्या. त्या गृहस्थांनी समोरचा कागद बराच वेळ वाचून एकच प्रश्न विचारला, ‘‘मी हळू बोलतो. तू थांबशील का?’’ मी घाईघाईने ‘‘हो, नक्की’’ म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की, त्यांचे बोलणे अजून संपलेच नव्हते. त्या मुलाखतीत मला प्रवेश मिळाला, तरी त्या उत्तराला त्यांनी पूर्ण गुण दिले नसावेत.

आपण पुढील अंकात या शाखेचे नाव ‘बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची शुश्रूषा’ असे दुरुस्त करून छापावे आणि आर्थिक साहाय्य व शाखाबदल यांविषयीचा खुलासाही द्यावा, ही विनंती. चालू वर्षाचे अर्ज अजून भरले जात असतील, तर तो खुलासा जितका लवकर येईल तितका बरा.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी नर्स, इंग्लंड
(नाव व पत्ता संपादकांकडे)