सेटिंग्जचा गुंता सोडवून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या दूध संकलन केंद्राच्या प्रोग्रॅममधला सेटिंग्जचा भाग तुम्ही वेळ काढून समजावून दिलात, त्याबद्दल नुसते फोनवर आभार मानून माझं समाधान होईना. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हे लागतंच, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या सेटिंग्ज एका आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे विभागवार नाव आणि किंमत लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, आहेत: वजनकाट्याचा पोर्ट, फॅटची किमान मर्यादा, शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचा की नाही. पायथॉनसोबत येणारा कॉन्फिगपार्सर ती फाइल वाचायचा आणि एक छोटा लूप सेटॲट्र हे फंक्शन वापरून प्रत्येक सेटिंग, फाइलमधल्याच नावाने, एका ऑब्जेक्टवर (सगळ्या किमती एकत्र ठेवणाऱ्या वस्तूवर) चढवायचा. कोड आटोपशीर होता. पण एसएमएसपुढे 'नो' लिहिलं तरी एसएमएस जातच होते. तुम्ही कोडला हात न लावता पायथॉनच्या प्रॉम्प्टवर बूल('नो'), म्हणजे 'नो' खरं की खोटं, असं टाइप करायला लावलंत. उत्तर आलं, ट्रू, म्हणजे खरं! कॉन्फिगपार्सर प्रत्येक किंमत स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच हातात देतो आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथॉनच्या लेखी खरीच.

'कॉन्फिगपार्सरचं गेटबूलियन वापरा, त्याला येस-नो आणि ऑन-ऑफ दोन्ही कळतं,' एवढं सांगून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असता. त्याऐवजी विचारलंत, 'या ऑब्जेक्टवर कोणकोणती नावं आहेत, हे नुसता कोड वाचून कुणाला कळेल का?' कळत नव्हतं. सगळी नावं फाइलमध्ये होती, कोडमध्ये एकही नाही. माझ्या मते खरी मदत झाली ती या प्रश्नाची.

मग तुम्ही डेटाक्लास, म्हणजे माहितीची नावं आणि प्रकार कोडमध्येच मांडणारा क्लास, लिहायला लावलात. पायथॉन 3.7 पासून तो सोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रत्येक सेटिंगची एक ओळ: नाव आणि प्रकार. डेटाक्लास स्वतः प्रकार तपासत नाही की बदलत नाही, हेही तुम्ही बजावलंत. म्हणून फाइल वाचून तो ऑब्जेक्ट बनवणारी एक क्लासमेथड (क्लासचंच फंक्शन), तिच्यात पूर्णांकासाठी गेटइंट, दशांशासाठी गेटफ्लोट आणि हो-नाहीसाठी गेटबूलियन. वर डेटाक्लास फ्रोझन, म्हणजे न बदलणारा, केल्यामुळे चालू संकलनात कुठल्याही फंक्शनला मर्यादा बदलता येत नाही.

त्यातली एक खाच तुम्ही दाखवली नसती तर मला सापडायला फार वेळ लागला असता. पार्सरवरच्या गेटफ्लोटला सेक्शन (फाइलमधला विभाग) आणि नाव दिलं आणि ते नाव फाइलमध्ये नसेल, तर तो लगेच एरर देतो. तेच त्या सेक्शनच्या ऑब्जेक्टवरून मागितलं तर गुपचूप नन (None, म्हणजे 'काहीच नाही') मिळतो. फाइल वाचणाऱ्या रीडचंही तसंच: फाइल सापडली नाही तरी तो तक्रार करत नाही, वाचलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देतो. आता आम्ही किमती पार्सरवरूनच मागतो आणि फाइल स्वतः उघडून रीड_फाइलला देतो. नाव चुकलं किंवा फाइल हरवली, तर प्रोग्रॅम सुरू होतानाच कळतं. शेतकरी किटल्या घेऊन रांगेत उभे असताना नाही.

एसएमएसच्या पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह होतं. कॉन्फिगपार्सर त्या चिन्हाचा अर्थ 'इथे दुसरी किंमत भरा' असा घेतो, त्याला इंटरपोलेशन म्हणतात. ते नन, म्हणजे बंद, करून प्रश्न सुटला. ही सूचनाही तुमचीच.

पायथॉन 3.11 मध्ये आलेल्या टॉमललिबबद्दल, म्हणजे टॉमल या सेटिंग्जच्या फाइलींच्या दुसऱ्या प्रकारच्या वाचकाबद्दल, तुम्ही म्हणाला होतात. त्यात आकडा आकडाच राहतो आणि ट्रू-फॉल्सही तसंच मिळतं. केंद्रातला जुना संगणक बदलला की फाइल टॉमलमध्ये नेणार आहे. डेटाक्लासमधल्या सेटिंग्जच्या ओळींना तेव्हा हातही लावावा लागणार नाही, फक्त ती एक क्लासमेथड बदलेल.

मनापासून आभार, ताई.

आपला कृतज्ञ,
संकलन केंद्राचा प्रोग्रॅम सांभाळणारा