साहेब, ढोलकीची झेरॉक्स कशी काढू?

फेब्रुवारी 2022

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

कोविडचा दिलासा म्हणून कलावंताला 5,000 रुपये द्यायचं आपल्या सरकारने नोव्हेंबरमध्ये ठरवलं, त्याबद्दल आभार. माझा अर्ज मात्र परवा परत आला. शेरा एका ओळीचा : कलाक्षेत्रात 15 वर्षं असल्याचा पुरावा नाही.

मी तमाशात ढोलकी वाजवतो. फडात पैसे रोख, पावती कसली? हँडबिलावर नाव फडमालकाचं. खिडकीवरच्या साहेबांना म्हणालो, ढोलकी आणून वाजवून दाखवतो. ते म्हणाले, तिची झेरॉक्स निघत नाही.

आमचा हंगाम दसरा ते बुद्धपौर्णिमा. त्यात खरी कमाई चैत्रातल्या यात्रांची. पाडव्याला नारायणगावला फडांच्या राहुट्या, म्हणजे तंबू, लागतात; तिथे गावोगावच्या खेळांच्या सुपाऱ्या ठरतात, त्यावर वर्ष निघतं. 2020 चा पाडवा 25 मार्चला, त्याच दिवशी देश बंद. 2021 चा 13 एप्रिलला, दुसऱ्या रात्रीपासून संचारबंदी. रोग होता, मान्य. पण त्याच महिन्यात पंढरपूरच्या पोटनिवडणुकीच्या सभा कशा भरल्या? करोना तमाशातल्या वगनाट्याला येतो, भाषणाला येत नाही, असं काही आहे का?

बायको गाते, मेहुणा सोंगाड्या, पोरगा हलगीवर. सगळं घर एकाच फडात, त्यामुळे सगळ्यांची कमाई एकदमच थांबली. बायको कांदे काढायला रोजंदारीवर गेली. मेहुण्याने हातगाडीवर भाजी विकली. गिऱ्हाईक म्हणायचं, तमाशातली एक विनोदी बतावणी कर, मग घेतो. ढोलकीच्या पुडीला, म्हणजे कातड्याला, बुरशी लागली, त्यावरच्या काळ्या शाईचे पोपडे निघाले. आई गेली, तेव्हा एरवी रात्रभर भजनाला बसणारी आळी लांबूनच हात जोडून घरी गेली. त्यांचंही काय चुकलं म्हणा. फडमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल माझ्या अंगावर, सावकाराचं कर्ज मालकांच्या.

वीस महिने घरी बसवून 5,000 रुपये, म्हणजे दिवसाला आठ रुपये. तेही नाहीत. 56 हजार कलावंतांना मिळणार म्हणे. हे 56 हजार मोजायला कुणाच्या फडावर कोण आलं होतं? शेतकऱ्याकडे सातबारा आहे, आमच्याकडे काय? तुमच्या प्रचाराला हलगी लागते, तेव्हा पंधरा वर्षांचा पुरावा कोणत्याच पक्षाने मागितला नाही. मत द्यायला आम्ही नागरिक, पैसे घ्यायला संशयित.

फडमालकाचं लेखी पत्र पुरावा म्हणून धरा, एवढंच मागतो. आणि यंदाचा पाडवा 2 एप्रिलला आहे. यात्रांना परवानगी देणार की नाही, ते आत्ताच सांगा. म्हणजे नवं कर्ज काढायचं की फडाचा ट्रक विकायचा, हे मालकांना ठरवता येईल.

आपला,
फडातला एक ढोलकीवाला