जुना छोटा ट्रॅक्टर लावून घेताना

दिंडोरी, जि. नाशिक
श्रावण वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. डाळिंबाच्या बागेसाठी जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचे तू जवळजवळ ठरवले आहेस, आणि आमच्या द्राक्षबागेत उन्हाळ्यापासून असाच एक ट्रॅक्टर फिरत असल्यामुळे तो आम्ही कसा पारखला, कसा लावून घेतला आणि चालवायला कसे शिकलो हे सविस्तर लिहावे, असे तुझे म्हणणे आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे पत्र लांबेल. बहाराची धांदल सुरू होण्याआधी ते निवांत वाच. ट्रॅक्टर नुसता चालवायला चार दिवसांत येतो. तो आपल्या जमिनीला, आपल्या ओळींना आणि आपल्या अवजारांना लावून घेणे हे शिकण्याचे खरे काम आहे, आणि आधीच्या मालकाने ते करून ठेवले असेल असे धरून कधीही चालू नये.

आधी मापाविषयी लिहितो. आमच्या वेली ९ बाय ५ फुटांवर आहेत. बोद (वेलींखालचे मातीचे उंच वाफे) आणि मांडवाचे अँगल वगळले तर मधली मोकळी वाट फार थोडी उरते, म्हणून आम्ही अंगाने अरुंद, २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आणि चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर निवडला. महिंद्राचा युवराज २१५ यासारखे १५ अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे ट्रॅक्टरही आम्ही पाहिले. आंतरमशागतीला आणि हलक्या वाहतुकीला ते पुरेसे आहेत, परंतु ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र, ओढायचा तर पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) शक्ती शिल्लक लागते, आणि इंजिनाची जेवढी अश्वशक्ती पाटीवर लिहिलेली असते तेवढी पीटीओपर्यंत कधीच पोहोचत नाही. तुझी लागवड १४ बाय १० फुटांची असल्याने रुंदीची अडचण तुला कमी येईल. मात्र डाळिंबाच्या फांद्या खालपासून पसरतात, तेव्हा बोनेटच्या वर उभा सायलेन्सर असेल तर तो खालून बाजूला वळवून घ्यावा लागेल.

ट्रॅक्टर पाहायला जाशील तेव्हा इंजिन गार असले पाहिजे, हा आग्रह सोडू नकोस. आपण पोहोचण्याआधीच मालकाने गाडी चालू करून ठेवली असेल, तर ती पुन्हा गार होईपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी जावे, कारण इंजिनाची दुखणी गारठ्यातच कळतात. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून तेल पाहा. ते दुधाळ दिसले तर तेलात पाणी उतरते आहे असे समज. रेडिएटरचे झाकण गार असतानाच उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. गरम रेडिएटरचे झाकण कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नकोस. मग गाडी चालू करून धुराकडे लक्ष दे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर इंजिन तापल्यावर जायला हवा. निळसर धूर टिकून राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने तेल जळते आहे. काळा धूर भाराखाली थोडा येणारच, पण बिनभाराचाही येत असेल तर एअर क्लीनर तुंबलेला असतो किंवा इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बिघडलेले असतात, आणि ही दुरुस्ती तुलनेने स्वस्त आहे. शेवटी तेल भरायचे झाकण सैल करून पाहा. तिथून धुराचे भपकारे येऊ लागले तर सिलिंडरमधला दाब खाली गळतो आहे, आपले फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे, आणि मग इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा केल्याखेरीज सौदा करू नये.

तासांच्या मीटरवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. जुन्या यांत्रिक मीटरचा एक तास हा इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर मोजलेला असतो, त्यामुळे मंद गतीने पुष्कळ वेळ चाललेल्या गाडीचे तास कमी दिसतात. शिवाय केबल तुटली की मीटर थांबतो आणि गाडी मात्र चालत राहते. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांची झीज, सीटखालचा पत्रा, लोअर लिंकच्या (अवजार धरणाऱ्या मागच्या खालच्या दोन दांड्यांच्या) गोळ्यांचा ढिलेपणा आणि पुढच्या धुऱ्याची खडखड या गोष्टी मीटरपेक्षा खरे बोलतात. लिफ्टची, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची, परीक्षाही तिथेच घ्यावी: मागे रोटर (माती भुसभुशीत करणारे फिरत्या पात्यांचे अवजार) जोडून तो पूर्ण उचलावा, इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून पाहावे. अवजार झपाट्याने खाली येऊ लागले तर लिफ्टमधली सिले गेलेली आहेत.

कागदपत्रांचे थोडक्यात लिहितो. आरसी बुकावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५ आणि ना हरकत दाखला हातात पडल्यावरच पूर्ण रक्कम दे. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या त्याच वेळी घेऊन ठेव.

गाडी घरी आली की पहिला आठवडा ती शेतात नेऊ नकोस, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. आधीच्या मालकाने तेल केव्हा बदलले हे तो कितीही प्रामाणिकपणे सांगत असला तरी आपल्याला त्यावर विसंबता येत नाही, म्हणून सगळ्यांची सुरुवात नव्याने करायची: इंजिनाचे तेल आणि फिल्टर, डिझेलचे फिल्टर, रेडिएटरचे कूलंट, आणि मागच्या हाउसिंगमधले तेल. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचे तेल एकाच टाकीत असते, त्यामुळे तेथे पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे तेल घालावे. इंजिन कोमट असताना जुने तेल सोडले तर गाळ बरोबर उतरतो. एअर क्लीनर ऑइल बाथ पद्धतीचा असेल तर वाटीतले तेल खुणेपर्यंतच भर. आपल्याकडच्या फुफाट्यात ती वाटी वारंवार धुवावी लागते, आणि इंजिनाचे आयुष्य या एका सवयीवर फार अवलंबून असते. ग्रीसची निपले शोधून काढण्यासाठी मी गाडीखाली आडवा झालो आणि प्रत्येकाजवळ पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. आता ग्रीस गन कोणाच्याही हातात असली तरी एकही निपल सुटत नाही.

डिझेलचा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते आणि गाडी चालू होत नाही. ही हवा काढणे प्रत्येक चालकाने स्वतः शिकावे, कारण डिझेल संपून एअर पकडण्याचा प्रसंग नेमका फवारणीच्या घाईत येतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळायचा. मग हेच इंजिनाच्या डिझेल पंपावरच्या स्क्रूला करायचे. तरीही इंजिन पकडत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारायचा आणि तिथे डिझेल दिसताच आवळायचे. चालू इंजिनातून बारीक धार येत असेल तिथे बोट लावायचे नाही, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते.

टायरांविषयी एक गोष्ट मला शिकताना फार महत्त्वाची वाटली. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरात पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित अधिक वेगाने फिरतील असाच गिअरांचा हिशेब बसवलेला असतो. मऊ मातीत चाके थोडी घसरून तो फरक पचवतात, डांबरी रस्त्यावर मात्र तो ताण टायर आणि धुऱ्यावर पडतो. म्हणून पुढची ओढ शेतातच लावायची आणि रस्त्यावर येताना काढायची. जुन्या गाडीला कोणी भलत्याच मापाचे पुढचे टायर चढवलेले असतील तर हा सारा हिशेब मोडतो. तेव्हा टायरांवरची मापे पुस्तिकेशी जुळवून घे. मागची चाके उलटसुलट बसवून रुंदी बदलता येते, पण नक्षीच्या व्हीचे टोक फिरण्याच्या दिशेला राहिले पाहिजे.

आता अवजार जोडण्याकडे येतो. ट्रॅक्टर मागे घेऊन आधी डावी लोअर लिंक, मग उजवी, कारण उजवीची उंची हँडलने कमीजास्त करता येते, आणि शेवटी वरची मधली टॉप लिंक असा आमचा क्रम आहे. ही तीन सांध्यांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने रूढ केली. १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ती हायड्रॉलिक लिफ्टसह आली आणि आज जगभरचे ट्रॅक्टर तीच वापरतात. तिची खुबी टॉप लिंकमध्ये आहे. फण जमिनीत रुतून जड ओढ पडते तेव्हा टॉप लिंक पुढे रेटली जाते आणि त्यावरून लिफ्टला ओढीचा अंदाज मिळून अवजार आपोआप थोडे उचलले जाते. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात आणि तो नांगराला, फणाला उपयोगी. रोटर किंवा ब्लोअर एका उंचीवर ठेवायचा असतो, तिथे पोझिशन कंट्रोलची दांडी वापरायची. आमच्या गावात वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवणारेही या दोन दांड्यांत फरक करत नाहीत, आणि मशागत खालीवर का होते याचे कोडे त्यांना सुटत नाही.

पीटीओचा दांडा जोडताना तीन गोष्टी पाहाव्यात. दांड्याचे दोन भाग एकमेकांत निदान एकतृतीयांश लांबीने शिरलेले असावेत. अवजार खालीवर करताना ते तळाला ठोकत असतील तर दांडा कापून घ्यावा. दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात असावेत, नाहीतर दांडा फिरताना धडधडतो आणि सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. आणि दांड्यावरचे प्लास्टिकचे कव्हर असलेच पाहिजे. जुन्या अवजारांवर ते बहुधा तुटून गेलेले असते आणि कोणी नवे घेत नाही. तू मात्र घे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक त्यात सापडले तर माणसाला हात मागे घ्यायलाही अवधी मिळत नाही. मजुरांना, घरच्या बायकांना आणि मुलांना हे पहिल्या दिवशीच दाखवून सांग, आणि पीटीओ चालू असताना खाली उतरायचे नाही हा नियम स्वतःलाही लाव.

चालवण्यात सर्वांत उशिरा उमजते ती गोष्ट म्हणजे हाताच्या थ्रॉटलचे काम. मोटारीत वेग हवा तसा पाय दाबायची सवय असते. ट्रॅक्टरमध्ये थ्रॉटल इंजिनाचे फेरे ठरवतो, गव्हर्नर भार बदलला तरी ते टिकवून धरतो, आणि जमिनीवरचा वेग गिअरने ठरवायचा असतो. पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात याची खूण मीटरवर असते. थ्रॉटल तिथे नेऊन ठेवायचा आणि सावकाश जायचे तर खालचा गिअर घ्यायचा. थ्रॉटल कमी करून ब्लोअर चालवला तर पंख्याची हवा पडते, औषध पानाच्या मागे पोहोचत नाही आणि केवडा रोग नेमका तिथेच बसतो.

यावरून फवारणीचे गणित मांडता येते. शेतात १०० मीटर मोजून, टाकी अर्धी भरून, काम करायच्या गिअरात ते अंतर किती सेकंदांत जाते ते पाहा. ८० सेकंद लागले तर वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ७५ मीटर. आमच्या ९ फुटी ओळींत एकरी सुमारे १,४७५ मीटर चालावे लागते, म्हणजे जवळजवळ २० मिनिटे. सगळे नोझल मिळून मिनिटाला २० लिटर सोडत असतील तर एकरी ४०० लिटर पाणी लागेल. तुझ्या १४ फुटी ओळींत त्याच वेगाला आणि त्याच नोझलांना हिशेब अडीचशे लिटरच्या आसपास येईल. नोझलांखाली बादल्या ठेवून प्रत्येकाचे पाणी मोज. जुन्या ब्लोअरचे नोझल झिजलेले असतात आणि एकेकाचा प्रवाह वेगळा निघतो. हे मोजल्याखेरीज औषधाची मात्रा कोणाच्याही सल्ल्याने ठरवू नकोस.

उलटण्याचा धोका मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण तो तुझ्या लक्षात राहिलाच पाहिजे. ओढायचे ते फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीला, बांधून. साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा धुऱ्याला बांधली आणि अडकलेले खोड हलले नाही, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून पुढून उचलला जातो आणि क्लच दाबायच्या आत चालकावर येतो. मागचा डावा आणि उजवा ब्रेक ओळीच्या टोकाला वळताना वेगवेगळा दाबता येतो, पण बांध ओलांडून रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्यांची कडी जोडलीच पाहिजे. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर गाडी आडवी होते. उतारावर ट्रॉली असताना न्यूट्रल करायचे नाही. ज्या गिअरात चढ चढला असता त्याच गिअरात उतरायचे. आमच्या गाडीला उलटल्यावर आधार देणारी लोखंडी कमान आहे. मांडवाखाली ती दुमडावी लागते आणि बाहेर येताच आम्ही ती पुन्हा उभी करून पट्टा लावतो. तू पाहशील त्या गाडीची कमान कोणी काढून भंगारात घातली असेल, तर नवी मिळते का याची चौकशी सौद्याआधीच कर.

पंढरपूरकडची एक गाडी तुझ्या मनात आहे असे लिहिले आहेस. तिचे मॉडेल, पुढच्या-मागच्या टायरांची मापे आणि आरसी बुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव. द्राक्षाची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) सुरू झाली की मला बाग सोडता येणार नाही, म्हणून भाद्रपद संपण्याआधीचा एखादा दिवस ठरव. मी आदल्या रात्रीच तुझ्याकडे सांगोल्याला मुक्कामाला येतो, म्हणजे सकाळी लवकर तिथे पोहोचता येईल. मालकाला गाडी चालू न करण्याचा निरोप मात्र तू आधी दे.

काकांना व काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र