प्रयोगवहीत मुलांचे स्वतःचे शब्द येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या 9 नोव्हेंबरपासून अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव सुरू होईल. मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात, हे कोल्हापुरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण हाच सोहळा 31 जानेवारीपासून पुन्हा का होतो, असे नववीच्या वर्गात विचारले की सगळे गप्प. पृथ्वीचा आस कललेला असतो, 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो, हे त्यांचे पाठ असते. त्या दिवसाच्या साधारण सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो, हे मात्र त्यांनी कधी आपल्या शब्दांत मांडलेले नसते.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञानाच्या तासाला मुलांनी स्वतः लिहावे आणि ते इतरांनी वाचावे, यासाठी हे पत्र. आज साऱ्या वर्गाच्या प्रयोगवह्यांत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अक्षरन् अक्षर सारखे असते, गाइडमधून उतरवलेले. प्रयोग न करताही निरीक्षण लिहिता येते, असे मुले शिकतात. मला हे फार घातक वाटते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी गुऱ्हाळ आहे. काहिलीत भेंडीचा रस घातला की मळी वर येते, असे त्याने अर्धे पान लिहून वर्गातल्या फलकावर लावले. वाचणाऱ्यांनी खाली विचारले, मग चुना कशाला घालता? त्याला घरी विचारावे लागले, पुस्तक उघडावे लागले. चुन्याने उसाच्या रसाचा आम्लपणा कमी होतो. तो राहिला तर उकळताना साखरेचे विघटन होऊन गूळ नीट बसत नाही. आम्ल-आम्लारीचा धडा त्या वर्गाला मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. हे प्रश्न मी विचारले असते तर तो दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झाला असता.

असे विषय आपल्याकडे कमी नाहीत. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज छापून येते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. मुलांनी ती रोज नोंदवावी, शेजारी वरच्या अंगाच्या राधानगरी धरणावरचा पाऊस लिहावा आणि पंचगंगा किती उशिरा चढते ते आलेखावर पाहावे.

पोर्शन संपत नाही, ही सहकाऱ्यांची अडचण खरी आहे, मलाही ती रोज येते. म्हणून पंधरा दिवसांतून एकच तास मागते. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत आणि लाल पेन शिक्षकांनी शेवटी उघडावे, आधी वर्गमित्रांना शंका काढू द्याव्यात.

डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापुरातला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने मराठीतून विज्ञान लिहिण्यासाठी आवर्जून वेळ काढला. त्यांच्या जन्मगावातल्या मुलांसाठी आपण आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा चार बोटे जागा द्यावी, ही विनंती. आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी अंतर्गत मूल्यमापनातले काही गुण या लेखनाला द्यायला शाळांना सांगावे. म्हणजे पालकही याला वेळ वाया घालवणे म्हणणार नाहीत.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर