हूड पावसात गळतं, पण मरतं उन्हात

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दरवर्षी जूनच्या तोंडावर पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्यायची असा मजकूर येतो, वायपर बदला, टायर पाहा, ब्रेक चेक करा, सगळं बरोबरच आहे त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण कापडी हूडच्या, म्हणजे कापडी छताच्या गाड्यांसाठी त्यात असलीच तर एक ओळ असते, छप्पर वॉटरप्रूफ करून घ्या. आता नागपुरात हे जूनमध्ये सांगून काय फायदा जी? तोवर हूडचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मृगात पहिला पाऊस पडतो, पाणी सीटवर टपटपतं आणि माणूस पावसाला शिव्या देतो, पण शिलाई तर एप्रिल-मे मध्येच गेलेली असते.

आणि अशा गाड्या आता काही कमी नाहीत राहिल्या. २ ऑक्टोबर २०२० ला महिंद्राची नवी थार आली तेव्हा हार्ड टॉपसोबत, म्हणजे कडक छतासोबत, कन्व्हर्टिबल सॉफ्ट टॉप म्हणजे उघडणारं कापडी छतही मिळायचं, बऱ्याच पोट्ट्यांनी हौसेनं तेच घेतलं, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारा दिसतातच. त्याआधीच्या कॅनव्हासवाल्या थार आहेत, जिप्सी आहेत, जुन्या जीपा आहेत, आणि एखाददुसरी ते बटण दाबलं की छत मागे जाणारी महागाची गाडी पण दिसते कधीकधी. या सगळ्यांचं दुखणं एकच आहे, ऊन. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं, २०२४ च्या मे अखेरीस तर ५६ चा आकडा आला आणि देशभर बोंब झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. पण सेन्सर सोडून द्या, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी उघड्यावर उभ्या गाडीच्या हूडला हात लावून पाहा.

हूड दोन प्रकारचं असतं हे पुष्कळ मालकांनाच माहीत नसतं, मग धुणाऱ्याला कुठून असणार. एक असतं व्हिनाईल, म्हणजे आपलं रेक्झिन, वरून प्लास्टिकचा थर. दुसरं खरं विणलेलं कापड, चांगल्या प्रतीच्या गाड्यांत ते तीन थरांचं असतं, वर अ‍ॅक्रिलिकचं कापड, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत सुती-पॉलिएस्टर अस्तर. पाणी अडवायचं मुख्य काम तो मधला रबर करतो, वरचं कापड फक्त पाणी रेंगाळू देत नाही. रेक्झिन उन्हात कडक होतं कारण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेनं हळूहळू निघून जातं, मग घडीच्या जागी आधी बारीक रेषा येते आणि पुढच्या वर्षी तिथंच चीर पडते. अ‍ॅक्रिलिकचा रंग धाग्यातच असतो त्यामुळे ते लवकर विटत नाही, पण त्याला जोडणारा शिलाईचा दोरा उन्हात कुजतो, वरून कापड छान दिसतं आणि नखानं ओढलं की दोरा तुटून हातात येतो. म्हणूनच म्हणतो की हूडची तयारी फेब्रुवारीत करायची, होळीच्या आधी, पावसाची वाट पाहायची नाही.

दुसरी तक्रार वॉशिंग सेंटरची, कोणा एकाचं नाव घेत नाही कारण जवळपास सगळीकडे हेच चालतं. मागे माझी गाडी एका ठिकाणी दिली होती, पोट्टा आला, प्रेशर गन घेतली आणि नोझल शिलाईपासून वीतभर अंतरावर धरून हूडच्या मागच्या कोपऱ्यावर सोडली, मी ओरडेपर्यंत कापडावर लव उभी राहिली होती आणि आतल्या अस्तरावर पाण्याचा नकाशा. इतक्या जोराच्या धारेनं शिलाईच्या भोकांतून पाणी आत ढकललं जातं आणि कापडावर मारलेलं जुनं कोटिंग असेल तर तेही निघून जातं. वर तो म्हणतो, साहेब, आता पॉलिश मारून देतो, एकदम काळंभोर होते! ते तेलकट टायर-डॅशबोर्डवालं पॉलिश. ते हूडला लावलं की दोन दिवस चमकतं आणि मग उडणारी सगळी धूळ त्यालाच चिकटते, त्यात कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना तर वरून राखही फुकट, घरपोच. बरं त्या पोट्ट्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही, पत्र्याची गाडी आणि कापडाची गाडी त्याच्यासाठी एकच.

खरं तर धुणं सोपं आहे, फक्त वेळ लागतो. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढायची, हे लोक सोडून देतात आणि थेट पाणी मारतात, मग धुळीचा चिखल होऊन विणीत जाऊन बसतो. सकाळी लवकर, सावलीत, साध्या पाइपनं भिजवायचं, सौम्य शाम्पू पाण्यात कालवून मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासायचं, आणि पूर्ण छत एकाच वेळी, डाग दिसला तेवढाच तुकडा धुतला तर वाळल्यावर तिथं कडा उमटते ती मग जात नाही. कपड्याची पावडर नको, ब्लीच तर नकोच नको, आणि डांबराचा डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर लावणारे गॅरेजवाले असतात त्यांना तर हूडला हातच लावू देऊ नका, तो मधला रबर आहे ना त्याचं वाटोळं होतं. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी मारत राहायचं कारण कापडात साबण राहिला तर पुढे तोच पाणी शोषून घेतो, मग वरून कितीही महागाचा स्प्रे मारा, उपयोग शून्य. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, पांढरे ठिपके पडतात.

स्प्रेचं म्हणाल तर कापडासाठी फॅब्रिक गार्ड मिळतो, ऑनलाइनही मिळतो, आणि रेक्झिनसाठी वेगळा, उन्हापासून वाचवणारा, तेलकट नसलेला प्रोटेक्टंट. यांची अदलाबदल करायची नाही. गरज आहे की नाही हे पाहायला हूडवर चमचाभर पाणी टाका, थेंब गोळा होऊन घरंगळला तर अजून दम आहे, पाणी मुरून कापड गडद पडलं तर वेळ झाली. हूड आतून-बाहेरून खडखडीत वाळलेलं पाहिजे, आणि इथं आपल्याकडचे लोक फसतात कारण मे महिन्यात वरचं कापड बघता बघता वाळतं पण आतलं अस्तर ओलंच असतं. काचेवर आणि रंगावर जुनी चादर-पेपर टाकून झाका, नाहीतर स्प्रेचे शिंतोडे पुसत बसावं लागतं, दोन हलके हात द्या आणि रात्रभर गाडी शेडमध्ये राहू द्या. बाटलीवर जे लिहिलं आहे ते माझ्यापेक्षा जास्त माना. वर्षातून दोनदा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा पाऊस गेल्यावर दिवाळीच्या आसपास, आपल्या उन्हासाठी एवढं तरी पाहिजे असं माझं मत.

मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती वेगळीच नाजूक बाई आहे. सकाळी गाडी काढताना ड्रायव्हर कोरड्या फडक्यानं धूळ पुसतो, रोज, आणि वर्षभरात त्या प्लास्टिकवर गोल गोल ओरखडे पडतात, दिवसा कळत नाहीत पण मागून दुसऱ्या गाडीचा लाइट पडला की मागचं काहीच दिसत नाही. पाणी ओतून मगच मायक्रोफायबरनं टिपायची. अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे तिला चालत नाही, ती पिवळट-धुरकट होते. घडी घालायची नाही, गुंडाळायची आणि मध्ये एखादं जुनं सुती धोतर किंवा साडी घालायची. डिसेंबरच्या थंडीत सकाळी ती कडक झालेली असते तेव्हा गुंडाळायला जाल तर कडकन चीर जाईल, ऊन वर येऊ द्या जरा. तसंच रेक्झिनचं हूड थंडीत आखडतं, बटणं जागेवर येत नाहीत, तेव्हा ते उन्हात पसरून ठेवायचं, नरम झालं की आपोआप बसतं. नागपूरच्या उन्हाचा हा एवढाच फायदा मला तरी माहीत आहे.

सावली पाहून गाडी लावायला गेलं तर सिव्हिल लाइन्ससारख्या भागात झाडं मोठी, वर पक्षी. पक्ष्यांची शीट वाळू देऊ नका, वाळली असेल तर खरवडू नका, ओलं फडकं ठेवून नरम करा आणि उचला. ते चंदेरी स्वस्त कव्हर पण नको, हवा जात नाही त्यातून, आणि मे मधल्या वावटळीत ते हूडवर सँडपेपर फिरल्यासारखं घासतं. आणि ज्या गाड्यांचं छत मागे जाऊन बसतं त्यांच्या मागच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यात कडुनिंबाची पानं अडकली की पाणी गाडीतच साचतं, पावसाच्या आधी ती भोकं मोकळी करा, हे मात्र जूनमध्ये छापलं तरी चालेल. ताडोबाच्या जंगलाचा कोर, म्हणजे आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा सफारीचे जे जिप्सीवाले हूड काढून गुंडाळून ठेवतात त्यांनी ते पूर्ण वाळवूनच ठेवावं, नाहीतर उघडल्यावर बुरशीचे काळे ठिपके, ते काही जात नाहीत.

काही लोक कंटाळून बाहेरून फायबरचा हार्ड टॉप बसवून घेतात. भाऊ, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीमध्ये जे लिहिलं आहे त्यात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच म्हटलं. पैसा घालवण्याआधी आरटीओत विचारा.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच, पुढच्या वर्षी हूडवाल्या गाड्यांचा मजकूर फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या, आणि वॉशिंग सेंटरवाले तुमचा पेपर वाचत असतील तर त्यांनी रेटबोर्डावर हूडची वेगळी ओळ लिहावी, शंभर-दोनशे जास्त घ्या, आम्ही देऊ, फक्त ती गन दूर ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक,
नागपूर