खरा गवई दयाळ

वसंत आला की 'आनंदाने गाणाऱ्या कोकिळे'वर लेख येतात. मुळात 'कुहू' करतो तो नर, आणि पक्षिशास्त्राच्या वर्गवारीत कोकीळ गाणाऱ्या पक्ष्यांत बसतच नाही! खरा गवई दयाळ पक्षी. समोरच्या तारेवर शेपटी उभारून तो मार्चपासून पहाटे पाचलाच सुरू होतो. डिसेंबरात मात्र नुसती चरचर. हा मूडचा खेळ नव्हे. दिवस मोठा होऊ लागला की नराची वृषणे वाढतात आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक चढते. पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ फर्नांडो नोटेबोम यांनी १९८१ मध्ये दाखवले की, कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या नराच्या मेंदूतले गाण्याचे एक केंद्र शरदातल्यापेक्षा वसंतात जवळपास दुप्पट असते. मादी कॅनरीला हेच संप्रेरक दिले तर तीही नरासारखी गाऊ लागते. पुढे १९८३ मध्ये प्रौढ कॅनरीच्या त्याच केंद्रात नव्या चेतापेशी तयार होताना आढळल्या. मोठेपणी मेंदूत नवी चेतापेशी येत नाही, हे तोवर जवळजवळ सगळेच धरून चालले होते. चिमणीएवढ्या पक्ष्याने ते खोटे पाडले! पुढच्या वसंत विशेष पानात कोकिळेऐवजी दयाळाला चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

— एक पक्षीप्रेमी वाचक, पुणे