फ्लॅटच्या जाहिरातीत कार्पेट एरिया छापा

संपादक महोदय,

दसरा जवळ आला की बेळगावात फ्लॅटच्या जाहिरातींना ऊत येतो. मागणी खरीच आहे. उद्यमबागेतले कामगार, खानापूर-चंदगडकडून मुलांच्या शिक्षणासाठी येणारी कुटुंबे, निवृत्तीनंतर इथेच स्थायिक होणारे जवान, सगळ्यांनाच शहरात घर हवे आहे. म्हणून मोठ्या अक्षरांतला तो चौरस फुटांचा आकडा कशाचा असतो, हे लोकांना कळले पाहिजे.

तो बहुधा सुपर बिल्टअपचा असतो. जिना, लिफ्ट, पॅसेज, कधी क्लबहाऊसही त्यात धरलेले असते. २०१६ च्या रेरा कायद्याचे, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचे, माप आहे कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. त्यात बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची पोकळी) आणि बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंती धरतात. समजा १,२०० चौरस फुटांचा फ्लॅट ४,५०० च्या दराने ५४ लाखांना सांगितला आणि कार्पेट भरला ८२०, तर खरा दर पडला ६,५८५. दोन इमारतींची तुलना करायची ती याच दराने.

सॅम्पल फ्लॅट पाहायला जाताना टेप सोबत न्यावा. खोली मोठी दिसावी म्हणून तिथे अनेकदा दारे बसवलेली नसतात, पलंग पाच-साडेपाच फुटांचा करून घेतलेला असतो. घरचा पलंग सव्वासहा फूट. दहा बाय दहाच्या खोलीत तो भिंतीला लावला आणि पायथ्याशी दोन फूट खोल कपाट ठेवले, की मध्ये उरते पावणेदोन फूट. कपाटाचे दार त्यातच उघडायचे आणि माणसाने त्यातूनच जायचे.

जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरले आणि माहिती खोटी निघाली, तर रेराच्या कलम १२ खाली नुकसानभरपाई मिळते. व्यवहार मोडायचा असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. कात्रण, माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर तारखेसह जपून ठेवावा. आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याची मनाई आहे. ‘आज बुकिंग केले तरच हा दर’ असे कोणी कितीही सांगो.

शहापूर, टिळकवाडीत जुनी घरे पाडून सहा-आठ फ्लॅटच्या इमारती होतात. आठपर्यंत फ्लॅट किंवा ५०० चौरस मीटरपर्यंत जागा असेल तर रेराची नोंदणी लागत नाही. तिथे मंजूर नकाशा, ई-खाता (पालिकेचा मिळकतीचा ऑनलाइन उतारा) आणि ईसी (मिळकतीवरचे व्यवहार व बोजे दाखवणारा दाखला) आपणच तपासायची. ईसी फॉर्म १५ वर आली तर त्या मिळकतीवर व्यवहार किंवा बोजा नोंदलेला आहे, असे समजावे. ती कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर एकेक नोंद वकिलाकडून समजून घ्यावी, नुसते ‘क्लिअर आहे’ यावर विसंबू नये.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनेत तोवरचे व्याज बिल्डर भरतो, कर्ज मात्र तुमच्याच नावावर असते. बिल्डरने मधेच व्याज भरणे थांबवले तर बँकेची नोटीस तुमच्या दारी येते आणि कर्जफेडीची पत सांगणारा सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. बांधकामाच्या टप्प्यानुसारच कर्ज सोडा, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे.

चोवीस तास पाण्याचा दावा असेल तर पाणी येणार कुठून, ते विचारा. माणशी १३५ लिटर धरले तर चाळीस फ्लॅटना, घरटी चार माणसांप्रमाणे, रोज २१,६०० लिटर लागते. म्हणजे बोअर आटली की पाच हजार लिटरचे चाराहून जास्त टँकर. वडगाव, येळ्ळूर रस्त्याकडची जागा असेल तर ती जुलै-ऑगस्टमध्येच पाहावी, बळ्ळारी नाला तेव्हाच फुगतो. ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा भोगवटा दाखला, हातात येईपर्यंत राहायला जाऊ नये. ओसीशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे.

आता विनंती आपल्याला. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत रेरा क्रमांक आणि रेराच्या वेबसाइटचा पत्ता असणे कायद्याने बंधनकारक आहे. क्रमांक दिला तरी तो कोपऱ्यात, भिंगाशिवाय वाचता येणार नाही असा असतो. क्रमांक नसलेली जाहिरात आपण स्वीकारू नये, आणि क्रमांक व कार्पेट एरिया दराच्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने या दसऱ्यापासूनच घालावी.

आपला,
बांधकाम क्षेत्रातील एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव